शिष्यपरीक्षा आणि फाइलींचे वजन

महाड औद्योगिक वसाहतीतील काही उद्योजक आणि शहरातील दानशूर मंडळी यांच्या देणगीतून महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी एक गुणवत्ता पुरस्कार दिला जातो. रक्कम 15,000 रुपये, शिवाय मानपत्र. निवड समितीवर एखादा वैद्य असावा असे गतवर्षी संयोजकांच्या मनात आले आणि आम्हांस निमंत्रण मिळाले. मान मोठा होता; आम्ही तो आनंदाने स्वीकारला. त्या समितीत बसून आमच्या हातून जे घडले ते व्यवसायबंधूंसमोर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण ती चूक एका वैद्याने तरी करावयास नको होती.

अर्ज तेवीस आले. संयोजकांनी 100 गुणांचा तक्ता आधीच छापून ठेवला होता : परीक्षेतील यश 40, क्रीडा व कला 20, समाजसेवा 20, वक्तृत्व व लेखन 15 आणि अर्जाची मांडणी 5. प्रत्येक बाबीस प्रमाणपत्राची छायांकित प्रत जोडलेली असावी, प्रमाणपत्र नसल्यास कमाल दोन गुण द्यावेत, अशी तळटीप होती. प्रथम क्रमांक ज्यास मिळाला त्या विद्यार्थ्याच्या फाइलीत 64 प्रमाणपत्रे होती. तो विद्यार्थी कष्टाळू आहे, त्याच्याविषयी आमची काडीइतकीही तक्रार नाही. तथापि त्या चौसष्टांपैकी निम्म्याहून अधिक कागद घरबसल्या सोडविलेल्या ऑनलाइन प्रश्नमंजूषांचे होते, हेही नमूद करावयास हवे. अर्थात त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे? 2020 च्या टाळेबंदीत वेबिनारांची प्रमाणपत्रे आम्हीही हौसेने जमविली. कार्यशाळेच्या नोंदवहीत सकाळी सही करून भोजनोत्तर अंतर्धान पावणारे वैद्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत, आणि काहींनी आरशातही पाहिले असतील.

सतराव्या क्रमांकाचा अर्ज दोन पानी, साध्या बॉलपेनने भरलेला होता. पोलादपूर तालुक्यातील डोंगरावरच्या एका वाडीतील मुलगी, विज्ञान शाखेचे तिसरे वर्ष, गुण बरे. क्रीडेचा रकाना रिकामा, वक्तृत्वाचा रिकामा. समाजसेवेच्या रकान्यात एवढेच : ‘गावातील वृद्धांना मदत करते.’ प्रमाणपत्र नाही. आम्ही तळटीपेनुसार दोन गुण दिले, सही केली आणि अठरावा अर्ज उघडला.

निकाल लागल्यावर आठवड्याभराने आमच्या दवाखान्यात एक आजी आल्या. आमवाताच्या जुन्या रुग्ण. सोबत नेहमीची मुलगी होती. नांगलवाडी फाट्यावर एसटीतून उतरायचे, म्हातारीला हाताला धरून दवाखान्यात आणायचे, औषध समजून घ्यायचे, माघारी जाणाऱ्या गाडीत बसवून द्यायचे आणि मग स्वतः महाडला कॉलेजात जायचे, असा तिचा दोन वर्षांचा परिपाठ. आजी कधी त्या, कधी दुसऱ्या. आतापर्यंत सहा-सात तरी झाल्या असतील. मुलीजवळ एक वही असे. कोणाला रात्री झोप लागली की नाही, मलप्रवृत्ती कशी, भूक किती, काढा घेतल्यावर जळजळ झाली का, हे ती तारखेनिशी लिहून आणी. आमच्या प्रशिक्षणार्थी वैद्यांनाही इतका नीट रुग्णवृत्तान्त लिहिता आला तर आम्ही धन्य होऊ. दवाखान्यात आम्ही तिला ‘वहीवाली’ म्हणत असू. आडनाव आम्ही कधी विचारले नव्हते. त्या दिवशी वहीच्या पुठ्ठ्यावरचे नाव वाचले आणि सतरावा अर्ज डोळ्यांसमोर उभा राहिला.

“अगं, हे सगळं अर्जात का नाही लिहिलंस?” आम्ही विचारले.

“त्यात लिहिण्यासारखं काय आहे, डॉक्टर? मला कॉलेजला यायचंच असतं. येता येता घेऊन येते.”

या उत्तरावर आम्हांस काही बोलता आले नाही.

चरकाचार्यांनी रोगज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही त्रयी सांगितली आहे. आपण ती पहिल्या वर्षापासून घोकतो. प्रमाणपत्र हा फार तर आप्तोपदेश होय. आणि तोही देणारा रजतमांपासून मुक्त, निःस्वार्थ व जाणता असेल तरच. पाच मिनिटांत शेकडो कागद बाहेर टाकणारे यंत्र आप्त कसे ठरावे? आमच्यापाशी तर त्या मुलीविषयी दोन वर्षांचे प्रत्यक्ष होते, आणि कागदावर मात्र आम्ही शून्याच्या जवळ जाणारा आकडा लिहिला. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात आधी शास्त्राची, मग आचार्यांची आणि त्यानंतर शिष्याची परीक्षा सांगितली आहे. शिष्याची जी लक्षणे तेथे मोजली आहेत, त्यांत त्याने पूर्वी कोठे किती सन्मान मिळविले याचा उल्लेख नाही. बुद्धी, धृती, विनय, अलोलुपता अशा पाहून, सहवासाने कळणाऱ्या गोष्टी आहेत. सुश्रुताचार्य तर शास्त्र शिकलेल्यालाही कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनकर्म करून दाखविल्यावाचून योग्य मानीत नाहीत. हात पाहिल्याशिवाय निर्णय नाही, हा आपल्या परंपरेचा दंडक आहे.

कागद आणि कृती यांतील अंतर महाडकरांना कोणी शिकवावयास नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन ओंजळ भरेपर्यंत तो ठराव दप्तरातच होता. अलीकडचेच पाहा. जुलै 2021 मध्ये शहर पुराखाली गेले, तळीयेवर दरड कोसळली, पोलादपुरात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे माणसे गाडली गेली. नंतर कित्येक दिवस गाळ उपसणारे हात आम्ही पाहिले. फलक घेऊन आलेल्या पथकांना पुढे सहभागाची प्रमाणपत्रे मिळाली. ज्या पोरांनी आपल्याच आळीतील दुकाने आणि शेजाऱ्यांची घरे उपसली, त्यांना ती कोण देणार?

आमच्या समितीतील वकील भगिनींनी एक आक्षेप घेतला, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. गुणांचा तक्ता आणि प्रमाणपत्रांची अट नसेल तर वशिल्याला रान मोकळे होईल, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. बैठकीच्या आदल्या रात्री आम्हांस दोन फोन आले होते, आणि ‘तक्ता आहे, आमच्या हाती काही नाही’ असे सांगून आम्ही सुटलो. तक्त्याची ढाल उपयोगी असते हे मान्य. परंतु ती ढाल आम्ही सिफारशीपुढे धरली तशीच आमच्या स्वतःच्या आळसापुढेही धरली. तेवीस अर्ज आम्ही अडीच तासांत संपविले होते, चहासह. एका नव्या रुग्णाला आम्ही अर्धा तास देतो.

शिवाय तक्ता निष्पक्ष असतो हेही पुरते खरे नाही. वसाहतीत कंत्राटी कामावर दुसऱ्या पाळीला जाऊन सकाळी वर्गात बसणारी मुले अर्जदारांत होती. संध्याकाळी मैदानावर जाणे त्यांना शक्य नाही; त्यांचे क्रीडेचे गुण तक्ता छापतानाच कापले गेले होते. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांची सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. योजना उत्तमच आहे. पण सात दिवस घर आणि मजुरी सोडून जाणे ज्यास परवडते, त्याच्याच तासांची नोंद होते. वहीवालीने एसटीत आणि आमच्या बाकावर घालवलेले तास कोणाच्या नोंदवहीत नाहीत.

ती मुलगी यंदा पदवीधर झाली. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करावयाचा तिचा विचार होता. पैशांची जुळणी होईपर्यंत ती वसाहतीत पॅकिंगच्या कामावर लागली आहे. पुरस्कार पुढील वर्षी तिला देता येणार नाही, कारण तो शिकत असलेल्यांसाठी आहे. त्या वाडीतील आजी आता क्वचितच येतात. आमवाताच्या त्या आजी चार महिन्यांत एकदा आल्या, औषध मध्येच सुटलेले, सांधे पुन्हा सुजलेले.

या वर्षीच्या समितीसाठी संयोजकांचे पत्र पुन्हा आले आहे. आम्ही होकार कळविला, पण दोन अटी घालून. तक्त्यानुसार पहिले दहा निवडावेत. आणि प्रमाणपत्राअभावी मागे पडलेल्या अर्जदारांपैकी आणखी पाच समितीने स्वतः चौकशी करून त्यांत घालावेत. त्यानंतर पंधराही जणांशी प्रत्येकी अर्धा तास बोलावे, आणि प्रत्येकाच्या गावातील, ज्याला त्याच्या कामाचा उपयोग झाला अशा एका माणसाला भेटावे. पोलादपूरच्या वाड्यांवर जाण्यासाठी आम्ही आपली गाडी व दोन रविवार देऊ, असेही लिहिले आहे. ‘अर्जाची मांडणी’ या शीर्षकाखालील पाच गुण काढून टाकावेत, ही विनंती शेवटी जोडली.

संयोजकांचे उत्तर अद्याप आलेले नाही.