भाड्याच्या जागेत पक्की शेड कशाला?

आज जरा स्पष्टच बोलतो. अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या जागेत खड्डे खणून, काँक्रीट ओतून शेड उभी करणं म्हणजे आपल्या पैशाने जागामालकाची जागा सजवणं. करार संपला की पत्रे निघतात, पण गाडलेले खांब कापावे लागतात आणि कापलेला खांब भंगाराच्या भावात जातो. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. असे तुकडे घेऊन "याचे काही येतील का?" विचारणारे लोक दरवर्षी येतात. बीबीएला आम्हाला डेप्रिसिएशन शिकवलं, पण एका नोटिशीत शून्य होणारी मालमत्ता कुठल्या कोष्टकात बसते ते कुणी सांगितलं नाही.

माझं मत असं, की फॅब्रिकेशन, गॅरेज, मूर्तिकाम, नर्सरी, असं उघड्या यार्डात काम करणाऱ्याने पहिली शेड हलवता येणारीच बांधावी. साइज 10 बाय 10 फूट. कारण सोपं आहे. चौकोनी पाइपची लेंथ साधारण 20 फुटांची येते, मधोमध कापली की वाया काहीच जात नाही. 50 बाय 50, 2 एमएम जाडीचा पाइप मीटरला जवळपास 3 किलो भरतो. नऊ-दहा लेंथमध्ये सांगाडा होतो, आणि पत्रा, चाकं धरून अख्खी शेड सव्वादोनशे किलोच्या आसपास जाते. चार माणसं ढकलू शकतात. फॅब्रिकेटर "एवढ्यात करून देतो" म्हणाला तर ऐकू नका. किती किलो लोखंड आणि किलोमागे किती मजुरी, असंच कोटेशन मागा.

चाकांमध्ये कंजुषी नको. यार्डाची जमीन कधीच सपाट नसते, त्यामुळे हलवताना बऱ्याचदा तीनच चाकांवर भार येतो. प्रत्येक चाक किमान 200 किलो पेलणारं घ्या आणि मोठं घ्या, 8 इंची. 4 इंची चाक मुरमात रुततं. दोन फिरती, दोन सरळ. शेड जागेवर उभी असताना मात्र भार चाकांवर नको, प्रत्येक कोपऱ्यात स्क्रू जॅक लावून चाकं उचलून ठेवा. कोपऱ्यांत तिरपे टेकू हवेतच, नाहीतर दोन-चारदा ढकलल्यावर चौकट वाकडी होते.

आता खरा धोका. लोक विचारतात, "छप्पर वजन पेलेल का?" अहो, आपल्याकडे छप्पर खाली पडत नाही, उडतं! आयएस 875 च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, मुंबई-नागपूरला 44. 39 चा हिशोब केला तर चौरस मीटरला सुमारे 93 किलोचा दाब येतो. 10 बाय 10 चं छप्पर म्हणजे 9.3 चौरस मीटर. पूर्ण जोर वर उचलायला लागला तर 865 किलो, आणि तुमची शेड सव्वादोनशेची. म्हणजे वळवाच्या एका वावटळीत ती शेजारच्याच्या गाडीवर.

उपाय फार महाग नाही. खालच्या चौकटीवर चार कोपऱ्यांत बैठक करून 200 लिटरचे चार ड्रम बसवा, पाण्याने भरा आणि पट्ट्याने आवळा. 800 किलो वजन झालं. हलवायची वेळ आली की पाणी सोडून द्या. पाणी आटतं, म्हणून दर आठवड्याला बघायचं. पण तीन बाजू पत्र्याने बंद करणार असाल तर एवढ्यावर भागत नाही, वारा आत शिरून शेड उलथवतो. तिथे जमिनीत काँक्रीटमध्ये कड्या बसवून बांधा आणि इंजिनिअरला दाखवा. दोन-चार कड्या मागे राहिल्या तर राहू देत. ग्राइंडर, वेल्डिंग मशीन चालणार असेल तर सांगाड्याला अर्थिंग आणि लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यात चर्चाच नको.

टॅक्सचा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. स्वतःसाठी स्थावर बांधकाम केलं तर त्यावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट अडतं. लोखंडावर 18 टक्के भरता, लहान आकडा नाही तो. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने भारती एअरटेलच्या प्रकरणात मोबाइल टॉवर आणि त्यासोबतच्या तयार केबिन्स या जंगम वस्तू मानल्या. खटला जुन्या सेनव्हॅट क्रेडिटचा होता, जीएसटीचा नाही, पण वस्तू न मोडता उचलून दुसरीकडे वापरता येते का, हा विचार त्यात होता. तुमची शेड नटबोल्टची असेल, बिल फर्मच्या जीएसटी नंबरवर असेल, तर हे घेऊन सीएकडे जा. तो नाही म्हणाला तर का नाही, ते विचारा.

"चाकांवरची शेड टपरीसारखी दिसते" असं म्हणणारे भेटतील. गिऱ्हाईक तुमच्याकडे काम बघायला येतं, खांब किती खोल गाडलाय ते नाही. फक्त वेल्डिंग सुरू करण्याआधी यार्डाच्या गेटची रुंदी मोजा. गेट 9 फुटी असेल तर वरचे सांधे बोल्टचे ठेवा, म्हणजे शेड सुटी करून पिकअपमध्ये टाकता येईल.