दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय यंत्रावर कशाला लिहावे, असे काही मित्रांना वाटेल. पण शरीर काही फक्त शास्त्र शाखेच्या वाट्याला आलेले नाही!

आयुर्वेदाने रोग्याची परीक्षा तीन प्रकारची सांगितली आहे : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहावे, हात लावावा, विचारावे. यातील स्पर्शाची विद्या आमच्यासारख्या अडाणी समजल्या जाणाऱ्या घरांतही आहे. माझी आजी टिचकी मारून कलिंगड पिकले की नाही ते सांगते. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तो सराईवाल्याचा मुलगा. पिंपावर ठोकून आत दारू किती उरली हे तो घरीच शिकला, असे सांगतात.

परंतु बोटांना कळलेले दुसऱ्याला दाखवता येत नाही. ‘गाठ कठीण लागते’ म्हणजे किती कठीण? याचे उत्तर चित्राने व आकड्याने देणारे तंत्र म्हणजे इलॅस्टोग्राफी. १९९१ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे ओफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या आधारे ते मांडले. १९९५ साली मेयो क्लिनिकमध्ये मुथुपिल्लई, एहमन प्रभृतींनी तेच काम एमआरआयने करून दाखविले.

यकृत तपासताना बरगड्यांच्या फटीतून हलकासा धक्का देतात. त्याची थरथर निरोगी, मऊ यकृतातून सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने जाते. कठीण झालेल्या यकृतातून अधिक वेगाने. सोनोग्राफीचा ध्वनी मांसातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो, म्हणून तो या थरथरीचा सहज माग काढतो. वेग दुप्पट भरला, तर घट्टपणा चौपट धरतात आणि तो किलोपास्कलमध्ये लिहितात. सुई घालून यकृताचा तुकडा काढणे त्यामुळे अनेकांचे टळते. हे उपकार लहान नाहीत.

मग तक्रार कशाची? तिसऱ्या परीक्षेची. जेवणानंतर यकृताकडे जाणारे रक्त वाढते आणि आकडाही वाढतो. म्हणून तपासणीपूर्वी दोन-तीन तास उपाशी राहावे लागते. यकृताला सूज असली तरी आकडा फुगतो. गेल्या वर्षी एका रुग्णालयात माझ्या वडिलांची ही तपासणी झाली. पहाटेच्या एस.टी.ने आलेले वडील बाहेर भाकरी खाऊन लगेच टेबलावर झोपले. ‘काका, काही खाल्लंत का?’ एवढे कोणी विचारले नाही. आकडा मोठा आला. आईने तो कागद देवापाशी ठेवला आणि आठ दिवस घरात कोणी धड जेवले नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी उपाशीपोटी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा बराच खाली उतरला. तोवर वडिलांची चार दिवसांची मजुरी बुडाली होती.

यात यंत्राचा दोष नाही. पाहणे आणि चाचपणे ही दोन्ही कामे त्याने एकत्र केली. विचारणे मात्र माणसाकडेच राहिले आहे. माझे मत असे की, तपासणीची सूचना रुग्णाला सोप्या मराठीत आधी हातात मिळावी आणि अहवालात आकड्याशेजारी ‘शेवटचे खाणे किती वाजता’ हा रकाना असावा. तो भरायचा म्हटले, की विचारावेच लागेल. त्याला नवे यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही. मग अडते कुठे?