बुडितातल्या खुणांचे रक्षण

१५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातील भूषा येथे नर्मदेच्या पाण्यात होडी उलटली. पर्वकाळी पूजेसाठी निघालेली साठेक माणसे तिच्यात होती. किमान सहा जणांचा जीव गेला आणि त्यात लेकरे होती. संक्रांत दरवर्षी येते, दरवर्षी नर्मदाकाठी माणसे जमतात आणि दरवर्षी होड्या भरतात. म्हणून तिळगूळ वाटण्याच्या या दिवसांत पाण्यावरच्या सुरक्षेचा कायदा उघडून वाचण्याची गरज आहे.

नंदुरबार समुद्रापासून लांब असल्याने इथे जलवाहतुकीचा विषय काढला की लोकांना तो कोकणचा वाटतो. प्रत्यक्षात २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत नर्मदा ७३ व्या आणि तापी १०० व्या क्रमांकावर आहे आणि नर्मदा या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, तर तापी जिल्ह्यातून जाते. शिवाय सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याने अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीपासून वर नदीकाठच्या पाड्यांना दवाखाना, रेशन, बाजार यांसाठी होडी हाच रस्ता उरला. करोनाच्या पहिल्या वर्षी चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत १८ किलोमीटरचा पल्ला मारून पाड्यांवरच्या बाळांची वजने घ्यायला आणि त्यांना पोषण आहार पोचवायला जात होत्या. देशभर त्यांचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र एक बाई रोज एवढे पाणी कापते, तर त्या पाण्याखाली काय दडले आहे याची तिला पुढून काही सूचना असावी, हा विचार कौतुकाच्या भरात मागे पडला.

या पाण्याचा धोका समुद्रापेक्षा वेगळा आहे. धरणाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा तिथवर भरला. पावसाळ्यात पाणी चढते आणि विसर्गानंतर उतरते. आज ज्या टेकडीवरून होडी बिनधास्त जाते, ती महिन्याभराने हातभर पाण्याखाली असते आणि तेव्हाच ती सर्वांत घातक. जुन्या नदीची वाट ठाऊक असलेल्या नावाड्यालाही ही नवी, हलती वाट नव्याने शिकावी लागते. अशा ठिकाणी पाण्यावर रोवलेली एक काठी शेकडो माणसांचा जीव राखू शकते.

कायदा या काठीविषयी काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मधील (ड) खंडानुसार रेल्वे, विमान किंवा जहाजाच्या मार्गदर्शनासाठीची खूण वा सिग्नल नष्ट करणे, हलवणे किंवा तिची उपयुक्तता कमी करणे यासाठी सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फसवणारा खोटा दिवा, खोटी खूण किंवा तरंगता बोया लावून नावाड्याची दिशाभूल करणाऱ्याला कलम २८३ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि किमान दहा हजार रुपये दंड आहे. १८६० च्या दंड संहितेत खुणा नष्ट करण्याविषयीची तरतूद मुख्यतः दीपगृहे आणि समुद्रातल्या खुणांसाठी होती. नव्या संहितेने रेल्वे आणि विमानही त्यात ओढून घेतले.

या कलमातली एक बाब नर्मदाकाठच्या माणसांच्या अत्यंत उपयोगाची आहे आणि तिची फारशी चर्चा होत नाही. लगतच्या (ई) खंडात जमिनीवरच्या हद्दीच्या खुणांना संरक्षण आहे, पण ती खूण लोकसेवकाच्या अधिकाराने रोवलेली असावी अशी अट आहे. नौकानयनाच्या खुणेला ही अट नाही. नावाड्यांच्या मार्गदर्शनासाठी ठेवलेली कोणतीही वस्तू, एवढेच कायदा म्हणतो. कोणी ठेवली ते विचारत नाही. म्हणजे बुडितातल्या मच्छीमारांनी खडकावर बांबू रोवून त्याला लाल फडके बांधले, तर त्या बांबूला मुंबईच्या प्रॉन्ग्स दीपगृहाइतकेच संरक्षण मागता येते. रिकामे पिंप दोराने बांधून बोया केला तर तोही तसाच. ते पिंप कापून घरी नेणाऱ्याला ‘मला फक्त पिंप हवे होते’ असे म्हणून सुटता येईलच असे नाही. लोकांचे नुकसान होण्याची शक्यता त्याला ठाऊक होती, एवढे सिद्ध झाले तरी आगळीक ठरते. हे धडगाव आणि मोलगीच्या पोलिसांनी ग्रामसभेत पावरी आणि भिलीतून समजावून सांगितले पाहिजे. मराठी फलक लावून हे काम व्हायचे नाही.

रुळांच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५० खाली रेल्वेतल्या माणसांची सुरक्षितता धोक्यात यावी या हेतूने किंवा ती येईल हे ठाऊक असताना सिग्नल वा दिवा लपवणाऱ्याला, काढणाऱ्याला जन्मठेपही होऊ शकते. नंदुरबारची गाडी ज्या सुरतेला जाते, तिथल्या किम स्थानकाजवळ सप्टेंबर २०२४ मध्ये रुळांच्या फिश प्लेट आणि चाव्या काढलेल्या आढळल्या. तपासात रेल्वेचेच कर्मचारी पकडले गेले; शाबासकी मिळावी म्हणून त्यांनीच तो बनाव केल्याचा आरोप ठेवला गेला. राखणदारावरच असा आरोप यावा, हे हादरवणारे आहे.

आता भूषाकडे परत पाहू. भाडे घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या होडीतून माणसे नेणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम २८४ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. माणसे मेली तर निष्काळजीपणाचे कलम १०६ लागते, पाच वर्षांपर्यंत. पण ते मेल्यानंतर. बोया हलवला तर सात वर्षे आणि माणसांनी होडी ठासली तर सहा महिने, ही विषमता आम्हाला मान्य नाही. नर्मदेत जीव घेणारी गोष्ट बहुधा गर्दीची होडी असते. संसदेने ही शिक्षा वाढवावी.

शिक्षा वाढेल तेव्हा वाढेल. तोवर जिल्हा प्रशासनाने होडीच्या बाहेरच्या अंगाला भाराची ठळक रेघ आखून घ्यावी, म्हणजे रेघ पाण्यात गेली की काठावरच्या कोणालाही होडी थांबवता येईल. संक्रांतीला आणि यात्रेला प्रत्येक चढण्याच्या जागी एक पोलीस आणि जाकिटांचा ढीग हवा. खुणांचे काम मात्र आताच ठरवावे लागेल. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरते, तेव्हा बुडालेल्या टेकड्यांची डोकी आणि झाडांची खोडे वर येतात. ती कुठे आहेत हे तिथल्या मच्छीमारांना बोटाच्या टोकावर माहीत असते. त्यांनाच मजुरी देऊन, त्यांच्याच सांगण्यावरून त्या ठिकाणी खांब रोवले आणि बोयांचे नांगर बसवले, तर पुढच्या पावसाळ्याच्या आधी काम पुरे होते. जुलैत पाणी चढले की वर्षभराची संधी गेली.