घरी ड्रम क्लास सुरू करताय? मग पहिला रुपया फोमवर घालवू नका!



घरातल्या एका खोलीत ड्रम क्लास काढणं हा चांगला धंदा आहे. दुकानाचं भाडं नाही, माल भरायचा नाही, कौशल्य तुमचं स्वतःचं. पण तो बंद पडायला मंदी यावी लागत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकांची एक तक्रार पुरते. म्हणून बरेच जण आधी भिंतींना फोम चिकटवायला धावतात. कुणी अंड्यांचे ट्रे लावतात.

माझं मत स्पष्ट आहे: कमी भांडवलात 'साउंडप्रूफ' खोलीच्या मागे लागू नका. आधी आवाज मुळात कमी करा, मग फटी बुजवा, मग शेजाऱ्यांशी बोला. याच क्रमाने.

फोम काय करतो?

फोम खोलीतला घुमारा कमी करतो. आतल्या माणसाला आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण शेजाऱ्याला येतोच! आवाज अडवायला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो. फोम हलका असतो, त्यातून हवाही जाते. अंड्यांच्या ट्रेचं तर बोलायलाच नको. शिवाय साधा फोम पटकन पेटतो, तो धोका वेगळाच.

आता हिशोब बघा

ड्रमसेट जोरात वाजला की जवळचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. म्हणजे दिवसाही किमान ४५ डेसिबल अडवायचे! ते करायला खोलीच्या आत दुसरी खोली बांधावी लागते. आपलं बजेट तेवढं नाही.

म्हणून आवाज जिथे तयार होतो तिथे हात घाला. ड्रमवर जाळीचे मेश हेड बसवा, सिम्बल कमी आवाजाचे घ्या, नवशिक्यांना प्रॅक्टिस पॅडवर शिकवा. जो आवाज झालाच नाही, तो अडवायचा खर्चही नाही.

फटी शोधा, फुकटात

रात्री खोलीत दिवा लावा, बाहेर अंधार करा, दार बंद करून बघा. जिथून उजेड दिसतो, तिथून आवाज जातो. भिंत कितीही जाड असो, तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा असेल, तर ती साधारण २० डेसिबलच्या पुढे आवाज अडवू शकत नाही. विटांची प्लास्टर केलेली भिंत बहुतेक वेळा चांगलीच असते. दगा देतात दार आणि स्लाइडिंग खिडकी. पोकळ दाराऐवजी भरीव दार, चौकटीला रबराची पट्टी, दाराखाली सील, बाकीच्या भेगांना सिलिकॉन. मात्र हवा खेळती ठेवा. दर तासाला दार उघडून पाच मिनिटांची सुट्टी द्याच.

काकांचं छत

बास ड्रमचा धक्का हवेतून कमी, फरशीतून जास्त जातो. इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या पेडलचंही तेच. प्लायच्या दोन जाड फळ्या घ्या, मध्ये टेनिस बॉल बसतील अशी भोकं किंवा खाचे करा आणि त्या मचाणावर सेट ठेवा. सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

"पण सर, खऱ्या ड्रमची मजा पॅडवर येते का?" नाही येत, मान्य. मग आठवड्यातून एकदा तासाच्या भाड्याने रिहर्सल हॉल घ्या आणि तो खर्च फीमध्ये धरा. खोलीत लाख रुपये अडकवण्यापेक्षा हे परवडतं. विद्यार्थी वाढले तर तास वाढवा, कमी झाले तर कमी करा.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त: शेजाऱ्यांना आधी भेटा. वर्गाचं वेळापत्रक हातात द्या. दुपारची झोप, परीक्षेचे दिवस सोडून द्या. समजा ८ विद्यार्थी आहेत आणि फी १,५०० रुपये. क्लास दोन महिने बंद राहिला, तर २४,००० रुपये गेले. त्यापुढे एक कप चहा आणि दहा मिनिटांचं बोलणं काहीच नाही.

तेव्हा आज रात्रीच दिव्याची चाचणी करा. फोमचं नंतर बघू!