तिसरा धडा, चौथा धडा आणि टेंभुर्णी

सहावीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तिसरा धडा ग्रामीण स्थानिक शासनसंस्थांचा आणि चौथा शहरी शासनसंस्थांचा. तिसऱ्यात सरपंच, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पुस्तकाला ते कळेल तेव्हा कळेल) आणि ग्रामसभा. चौथ्यात नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, महापौर. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीचं पोर दोन्ही धडे पाठ करतं, जोड्या लावतं, पैकीच्या पैकी मार्क आणतं. शाळा सुटली की ते ज्या चौकातून घरी जातं, तो चौक मात्र यातल्या कुठल्याच धड्यात सापडत नाही.

पुण्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग आणि इथंच फुटणारे कुर्डुवाडी-बार्शीचे, पंढरपूरचे, अकलूजचे रस्ते. एका अंगाला एमआयडीसी, भोवताली ऊस आणि साखर कारखाने. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर असला तर आपलं नशीब. वडाप, एसटी, टायरची दुकानं, लॉज, कृषी सेवा केंद्रं, बँका, दवाखाने, क्लासेस. ऊस संपून प्लॉटिंग सुरू होतं तिथं कमान आधी उभी राहते, रस्ता नंतर होतो आणि गटाराचं नाव कुणी काढत नाही. याला खेडं म्हणणं ही निव्वळ कागदाची सोय. टेंभुर्णी शहरासारखी वाढली, पण वाढली ग्रामपंचायतीच्या चौकटीत, नमुना नंबर आठच्या उताऱ्यावर.

महामार्गालगतच्या अशा कुठल्याही वाढत्या गावात एकदा सांडपाण्याच्या मागं चालत जा. नव्या घराची सेफ्टी टाकी भरली की पाणी कडेच्या चारीत येतं. चारी सर्व्हिस रोडला भेटते. तिथून मोरीखालून पलीकडं, पलीकडून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. आता विचारा, हे पाणी कुणाचं? घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत, रस्ता महामार्गवाल्यांचा, त्यापुढचा पट्टा एमआयडीसीचा असेल तर तिथं नियोजनाचा अधिकार एमआयडीसीचाच, आणि नदी पाटबंधारे खात्याची. एका चारीला चार मालक आणि घाण वाहते ती बिनमालकाची. सांडपाण्यामागं असं चालत जाणं हाच नागरिकशास्त्राचा खरा धडा आहे, आणि तो कुठल्याच इयत्तेला नाही.

यावर चौकातलं उत्तर ठरलेलं असतं: नगरपंचायत करा, सगळं मार्गी लागेल. मागणी रास्त आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं खेड्याचं शहर होत असलेल्या गावांसाठीच नगरपंचायत हा प्रकार आणला. राज्याच्या कायद्यात त्यासाठी दहा ते पंचवीस हजार लोकसंख्या आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण अशा अटी आहेत. नगरपंचायत झाली की १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणं विकास आराखडा करावा लागतो. बाग, शाळा, दहनभूमी, बाजार यांच्या जागा आधी राखाव्या लागतात. फेरीवाल्यांचंच बघा. २०१४ चा पथविक्रेता कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती डोळ्यांपुढं ठेवून केलेला आहे. त्यांची पाहणी, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती हे सगळं शहरात. चौकात वडापावची गाडी लावणारी बाई ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे म्हणून तिला हे संरक्षण मिळणं मुश्कील. गिऱ्हाईक महामार्गाचं, धूर शहराचा, आणि हक्क मागायला गेली की ती खेड्यातली!

तेव्हा पाटी बदलायला हरकत नाही. पण पाटीनं काय होतं, याचे दाखले टेंभुर्णीला लांब शोधायला नकोत.

पहिला दाखला उजनीचा. गावाच्या उशालाच भीमेवरचं हे धरण, सुमारे ११७ टीएमसीचं, १९८० साली पुरं झालेलं. त्यात पाणी येतं ते पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पोटात घेऊन. या दोन्ही महापालिका. दोघींकडं विकास आराखडे आहेत, अभियंते आहेत, आणि अंदाजपत्रकाचे आकडे असे की माढा तालुक्याचे डोळे फिरतील. तरी उजनीच्या फुगवट्याला हिरवी साय धरते. पुण्याचं शहरीकरण कसं झालं याचं प्रगतिपुस्तक दरसाल टेंभुर्णीच्या शेजारी येऊन साचतं, आणि सोलापूर जिल्हा ते पितो.

दुसरा दाखला खुद्द सोलापूर शहराचा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिल्या वीस शहरांची यादी आली, त्यात सोलापूर होतं. शंभरावर किलोमीटर लांबून उजनीचं पाणी येतं आणि नळाला मात्र काही दिवसांआड.

तिसरा दाखला सर्वांत जवळचा आणि सर्वांत बोचरा. अकलूज ही कित्येक वर्षं राज्यातल्या मोठ्या ग्रामपंचायतींमध्ये गणली जायची. नगरपरिषद व्हावी म्हणून तिथल्या लोकांनी साखळी उपोषण केलं आणि २०२१ मध्ये ती झाली. झाली, आणि कारभार गेला प्रशासकाच्या हाती. पुढं प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात राज्यभरच्या पालिकांच्या निवडणुका कोर्टात अडकल्या. ज्या गावानं आपलं सभागृह मिळावं म्हणून उपोषण केलं, त्याला वर्षानुवर्षं एकही नगरसेवक नव्हता. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले नाहीत, मधल्या काळात सही साहेबांची.

नगरपंचायतीचं निवेदन लिहिताना एक गोष्ट कुणी मांडत नाही. गावाचं शहर झालं की ग्रामसभा जाते. ग्रामपंचायतीत मतदार उभा राहून हिशेब मागू शकतो, कायद्यानं त्याला तशी जागा दिली आहे. महिलांची सभा वेगळी, आणि तीही ग्रामसभेच्या आधी घ्यायची. नगरपंचायतीत मतदारानं पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं आणि मग गॅलरीत बसायचं, तेही जागा असेल तर. घटनेतल्या प्रभाग समित्या तीन लाखांवरच्या शहरांना. छोट्या शहराला तेवढंही नाही.

अर्थात ग्रामसभेची महती गाताना तिची आजची अवस्थाही बघायला हवी. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते पुरतं. वीस-पंचवीस हजारांच्या गावात हे शंभर डोकी जमवण्याचं काम. ती जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-पंधरा लोक, चहा, आणि ठराव सर्वानुमते. हे काही एका गावाचं नाही, वाटेल त्या गावात जा. लोकांना वेळ नाही हे कारण अर्धंच खरं. सभेत जे कागद वाचले जातात ते कळत नाहीत, हे उरलेलं अर्धं. अंदाजपत्रक कसं वाचायचं, वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च करता येतो, मंजूर रेखांकनातली मोकळी जागा नकाशात कुठं आहे आणि जमिनीवर कुणाच्या कंपाउंडात गेली, हे कुणी कधी शिकवलं?

शिक्षणाचा प्रश्न इथं येतो. शिक्षण म्हटलं की आपण इमारत, पट आणि निकाल मोजतो. याच माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम जगानं वाखाणलं. तालुक्यानं अभिमान बाळगला, फलक लावले. पण त्या पुरस्काराचा अर्थ खेड्यातली शाळा जगाशी जोडता येते एवढ्यावरच आपण थांबवला. तीच शाळा शेजारच्या गटाराशी का जोडू नये? नववीला जलसुरक्षा हा विषय आहे. उजनीच्या काठच्या पोरांनी तो कार्यपुस्तिकेत चित्रं चिकटवून संपवायचा, यासारखा विनोद नाही. त्यांनी आपल्या वॉर्डातली चारी मोजावी, ती कुठून कुठं जाते ते रंगवावं, उन्हाळ्यात कुठल्या गल्लीत टँकर येतो ते टिपावं. एका वर्षात पंचायतीकडं नसलेला नकाशा शाळेकडं असेल.

शाळेच्या वरच्या पातळीचं काम विद्यापीठाचं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं ते एका जिल्ह्यापुरतं. ही मर्यादा आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते ती संधी आहे. तिथं पर्यावरणशास्त्र शिकवतात, भूमाहितीशास्त्र शिकवतात, समाजशास्त्र शिकवतात. उपग्रहाच्या छायाचित्रावर टेंभुर्णी, मोहोळ, अकलूज अशी गावं दहा वर्षांत किती आणि कुठल्या दिशेनं पसरली, सुपीक जमीन किती गेली, ओढे कुठं बुजले, हा प्रबंध लिहायला परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही. एसटीचा पास लागतो.

निवडून येणाऱ्यांच्या शिक्षणाचं तर बोलायलाच नको. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. पुण्यात यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून पालिकांची माणसं घडवते आहे. तरी नवी सदस्या पहिल्या बैठकीला येते तेव्हा तिच्या हातात विषयपत्रिका पडते आणि खुर्चीमागं तिचे यजमान उभे असतात. दोन दिवसांचं शिबिर, बॅग, पेन आणि गटाचा फोटो म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तिला तिच्याच गावाचं अंदाजपत्रक पुढं ठेवून ओळ न् ओळ शिकवा. यजमान आपोआप बाहेर थांबतील.

शेवटी प्रश्न राहतो तो गावात कुणाकुणाला धरायचं याचा. दर हंगामात बीडकडून आणि आणखी कुठून कुठून ऊसतोड कामगार येतात. कोप्या पडतात, चार-पाच महिने अख्खी वस्ती वसते. तिला पाणी लागतं, संडास लागतो, बायांना रात्रीचा उजेड लागतो. त्यांचं मत इथं नाही म्हणून ग्रामसभेत त्यांचा विषय नाही, आणि उद्या नगरपंचायत झाली तर आराखड्यातही नसेल. त्यांच्या मुलांना दाखल्याअभावी शाळेनं परत पाठवू नये, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. कोपीतल्या एखाद्या आईला त्या समितीत हंगामापुरतं का होईना बोलावल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. एमआयडीसीत परप्रांतातून आलेल्या पोरांचंही तेच. भाडं घ्यायला ते गावचे, पाण्याला मात्र बाहेरचे. रोजगार हमीचं कार्ड असलेल्या मजुराचा हिशेब आणखी वेगळा: गाव शहर झालं की ग्रामीण योजना त्याच्या हातून सुटते आणि घरपट्टी मात्र वाढते. नगरपंचायत मागणाऱ्यांनी या माणसाला आधी विचारलं पाहिजे.

तर आमचं म्हणणं एवढंच. नगरपंचायत मागा, जोर लावून मागा, पण मागताना दोन अटी घाला. शहर झाल्यावरही वॉर्डावॉर्डाची सभा वर्षातून चार वेळा भरेल आणि तिच्यापुढं हिशेब ठेवला जाईल, असा ठराव आजच्या ग्रामसभेनं आधीच करून ठेवावा. कायदा तसं सांगत नसला तरी अडवतही नाही. पुण्याच्या महापालिकेनं वीसेक वर्षांपूर्वी नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली ती काही घटनादुरुस्तीची वाट पाहून नव्हे. आणि सभागृह निवडून येण्याआधी प्रशासक आराखडा पुढं रेटणार असेल तर त्याला लेखी हरकत घ्या; कायद्यात हरकतींना मुदत असते, ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक टायपात छापलेली असते.

टेंभुर्णीतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. सहावीचा तिसरा धडा शिकवून झाला की वर्ग ग्रामपंचायतीत न्या आणि पोरांना गावाचा गटारांचा नकाशा मागायला लावा. नकाशा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो करण्याचा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा, आणि पालकांना त्या दिवशी सभेला पाठवा. गणपूर्तीला शंभर माणसं लागतात, दोन-तीन वर्गांचे पालक आले तरी भागतं.