कोनाडा आधी, लादी नंतर

घर दुरुस्तीला काढायचे ठरले की पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते. रविवारी सकाळी सगळे कुटुंब निघते, दुकानदार चहा मागवतो, नमुन्यांच्या फळ्या एकामागून एक सरकवल्या जातात आणि दीड तासात बाथरूमच्या भिंती ठरून जातात. कोनाड्याचा विषय निघतो तो पुष्कळ नंतर, लाद्या निम्म्या चढल्यावर. मिस्त्री विचारतो, "वहिनी, साबण-शांपूला कोनाडा पाहिजे म्हणत होता, कुठे काढू?" वहिनी हातानेच हवेत एक चौकोन दाखवतात. त्या चौकोनाबरोबर घराला पुढची वीस वर्षे काढायची असतात.

हा क्रमच उलटा आहे, असे माझे म्हणणे आहे. आधी कोनाडा ठरवावा, त्याच्या मापाला जुळेल अशी लादी घ्यावी आणि रंगावरून जे काय भांडायचे ते सर्वांत शेवटी भांडावे.

कोनाडा आपल्याला नवा नाही. जुन्या वाड्यांच्या हात-दीड हात जाड भिंतींत तो जागोजाग असे. दिव्याचा वेगळा, चष्मा-पोथीचा वेगळा आणि न्हाणीत वज्री व शिकेकाईची वाटी ठेवायचा वेगळा. भिंतच एवढी जाड, की कोनाड्यासाठी वेगळा खर्च असा नव्हताच. पुढे साडेचार इंची भिंती आल्या, कोनाडा गेला आणि कोपऱ्यात गंजणारी तारेची जाळी आली. आता 'शॉवर निश' असे साहेबी नाव धारण करून कोनाडा परत आला आहे. स्वागतच आहे. फक्त भिंत पूर्वीची राहिलेली नाही, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट आपण विसरतो ती अंघोळीची रीत. कॅटलॉगमधला कोनाडा छातीच्या उंचीवर असतो, कारण चित्रातला माणूस शॉवरखाली उभा असतो. आपल्या घरात शॉवर असला तरी बादली सुटलेली नाही. घरातल्या आजी स्टुलावर बसून तांब्याने अंघोळ करतात. त्यांच्या डोक्याच्या वर असलेला कोनाडा त्यांच्यासाठी नसतोच. मग साबण जमिनीवर येतो, निसटतो, तो घ्यायला त्या ओल्या फरशीवर वाकतात किंवा उठून उभ्या राहतात. म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड काय असते, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. एवढ्या खर्चाच्या बाथरूममध्ये, सर्वांत जास्त गरज असलेल्या माणसाच्या हाताला साबण लागू नये, याला काय म्हणावे?

म्हणून कोनाडा दुमजली असावा. खालचा कप्पा जमिनीपासून दोन फुटांवर, बसणाऱ्यासाठी. वरचा तीन फुटांवर, उभे राहणाऱ्यासाठी.

आता लादीकडे येऊ. १२ बाय २४ इंची, म्हणजे ३०० बाय ६०० मिलिमीटरची लादी आडवी लावली आणि दोन मिलिमीटरची दरज सोडली, तर एकेक ओळ ३०२ मिलिमीटरची होते. दोन ओळी संपतात तिथे दोन फुटांची उंची जवळजवळ अचूक मिळते. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतली एकेक लादी गाळली की सुमारे दोन फूट रुंद, दोन फूट उंच असा कोनाडा तयार! मधली फळी बरोबर दरजेच्या रेषेवर येते. भिंतीवरची एकही लादी कापावी लागत नाही आणि पाठही जवळजवळ अख्ख्या लाद्यांत भागते. डोळ्याला जे 'नीट बसलेले' वाटते, त्याचे रहस्य बहुधा एवढेच असते, की कोनाड्याच्या चारही कडा दरजांवर आलेल्या असतात.

हेच गणित १२ बाय १८ ची लादी उभी लावून करून पाहा. ओळी दीड, तीन आणि साडेचार फुटांवर संपतात. दीड फुटावर साबणाला बादलीचे शिंतोडे आणि तीन फुटांवर आजींचा हात ताणलेला. आणि हल्लीची आवडती दोन बाय चार फुटी लादी उभी लावली, तर पहिली दरजच चार फुटांवर. कोनाडा मग लादीच्या पोटातून काढावा लागतो. इंग्रजी 'एल' सारखा काप घेताना लादी आतल्या कोपऱ्यातून तडकते आणि तेव्हा नाही तडकली तरी पुढे तिथूनच केसासारखी रेघ निघण्याची भीती राहते. मोठ्या लाद्यांना माझा विरोध नाही, त्यांना दरजा कमी असतात. पण त्या घ्यायच्या तर कोनाडा कुठे येणार, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी ठाऊक हवे.

एक बारकावा मिस्त्रीला मुद्दाम सांगावा. फरशीला ढाळ असल्याने सर्वांत खालची ओळ ढाळाप्रमाणे कापावी लागते. म्हणून मोजमाप दुसऱ्या ओळीच्या तळापासून धरावे. आणि विटांतले भोक लादीच्या मापाचे नको, गिलावा आणि लादीची जाडी धरून चारही बाजूंनी पाऊण-एक इंच मोठे हवे.

भिंत कोणती निवडायची, हा प्रश्न रंगापेक्षा शंभर पटींनी महत्त्वाचा. कॉलम-बीमला हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच. ज्या भिंतीतून नळ जातात ती नको. बाहेरची, विशेषतः पश्चिमेची भिंत मुंबई-कोकणात तरी नकोच. पाऊस तिच्यावर झोडपतो आणि नेमकी तिथेच आपण तिला पातळ करणार. उरते ती बेडरूमकडची साडेचार इंची भिंत. तिच्यात साडेतीन इंच खोदले तर मागे इंचभर उरते आणि पलीकडे नेमके साड्यांचे कपाट असते. त्यापेक्षा पाइप झाकायला जी जादा चार इंची भिंत आतून उभारतात, तीच थोडी वाढवून पाइपांच्या बाजूला तिच्यात कोनाडा बसवावा. मूळ भिंत पाठीला शाबूत राहते. बाथरूम चार इंचांनी अरुंद होते खरे, पण ओल आलेली भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा ते परवडले.

लादी लावली की भिंत जलरोधक झाली, ही समजूत घराघरांत आहे. तसे नसते. सिमेंटच्या दरजेतून पाणी झिरपते, आणि भिंतीच्या साध्या ग्लेझ्ड लादीची माती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ शकते. पाणी अडवतो तो लादीमागचा लेप. कोनाड्याच्या पाचही अंगांना, कोपऱ्यांत जाळीची पट्टी दाबून, तो दोनदा द्यावा, वाळू द्यावा आणि मगच लादी लावावी. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही. त्यामुळे सिमेंटच्या नुसत्या रबडीला ती धरत नाही, चिकटवायची पावडर लागते. आणि कोनाड्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला एक सूत ढाळ. जास्त दिला तर साबण घसरतो, अजिबात नसेल तर त्याचा रोज लगदा होतो.

कोनाड्याच्या आत 'हायलायटर' म्हणून इंच-इंच तुकड्यांची मोझेक लावायची पद्धत पडली आहे. दिसते छान. पण जिथे सर्वांत जास्त साबण, तिथेच सर्वांत जास्त दरजा, मग बुरशी आलीच. ती ब्रशने घासायचे काम कोणाकडे येते, हे लावण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे. गडद रंगाचेही तसेच. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल, तर काळ्या लादीवर पांढरे डाग महिनाभरात उमटतात. आत साधी, फिकी लादी आणि दरजेत इपॉक्सी, एवढे पुरे.

कडांबद्दल माझे मत ठाम आहे. लादीचे काठ ४५ अंशांत घासून जोडले की धार तयार होते. ती कोपराला लागते, बाटली आपटली की तिचा टवका उडतो आणि आतली माती दिसते. त्यापेक्षा काठ गोल केलेली ग्रॅनाइटची चौकट आणि मध्ये ग्रॅनाइटचीच फळी बसवावी. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा दगड. बाथरूम धुवायच्या ॲसिडने त्याची रया जाते.

राहता राहिला मिस्त्री. लादीकाम चौरस फुटावर ठरते. असा कोनाडा मोजला तर आतून जेमतेम सहा चौरस फूट भरतो, आणि त्यात भोक, लेप, चौकट, गुण्या, ओळंबा धरून दिवस सहज जातो. सहा फुटांच्या पैशात दिवस घालवणे कुणालाही परवडणार नाही. मग लेप एकदाच बसतो आणि ढाळ राहून जातो. कोनाड्याचा दर नगावर, वेगळा आणि काम सुरू होण्याआधी ठरवावा. घासाघीस करायचीच असेल तर दुकानात करावी. तिथे लाद्यांची एक पेटी जादाही घ्यावी आणि पेटीवरचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा. पुढच्या खेपेच्या लादीची छटा सहसा जुळत नाही.