इराणी म्हणजे फक्त चहा नव्हे

'इराणी' हा शब्द कानावर पडला की आपल्याला चहा आठवतो. मुंबईला गेलेला माणूस परत आल्यावर इराण्याच्या हॉटेलातील बनमस्का आणि खिमा-पाव यांचे वर्णन करतो. यज्द, केरमान या भागांतून आलेल्या लोकांनी ही हॉटेले काढली. त्यांत जरथुष्ट्री होते, तसे मुसलमानही होते. धोबी तलावाजवळचे 'कयानी' 1904 सालचे आहे. पण इराणातील एखाद्या घरी जाऊन तुम्ही खिमा-पाव मागितलात, तर घरातील माणसे तुमच्या तोंडाकडे पाहत राहतील. तिथे चहासुद्धा बिनदुधाचा पितात. म्हणजे गिऱ्हाइकाला आवडते ते हॉटेलात आणि आईच्या हातचे ते घरात, अशी वाटणी झाली. मला ही वाटणी पटत नाही.

घरचे इराणी जेवण वाढणारे हॉटेल कुठे आढळले, तर तिथे जरूर बसा. तुम्हाला उर्दू येते, त्यामुळे पदार्थांची अर्धी नावे तुम्हाला आपोआप उलगडतील. 'आबगोश्त' म्हणजे पाणी आणि मांस. मटण, चणे, बटाटे मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात. आधी रस्सा वेगळा काढून त्यात रोटी कुस्करून खातात, मग उरलेले सारे घोटून रोटीबरोबर खातात. रश्शात भाकरी चुरणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हे काही शिकवावे लागणार नाही! 'तहदीग' हा शब्द फोडून पाहा : तह आणि देग. भांड्याच्या तळाशी तुपातेलात खरपूस झालेला भाताचा थर. आपण खरवड म्हणून बाजूला सारतो, तिथे त्याच थरासाठी घरात भांडणे होतात. मात्र 'कोरमे सब्जी' या नावावर शाकाहारी माणसाने जाऊ नये. सब्जी म्हणजे तिथे हिरवा पाला. त्यात मेथीही असते, पण पाल्याबरोबर बहुधा मटणही असते.

काही जण पहिल्या घासालाच म्हणतात, "तिखटच नाही!" आणि चटणी मागवतात. हे मला योग्य वाटत नाही. मिरची आपल्याकडेही पोर्तुगिजांबरोबर अमेरिका खंडातून आली. इराणी स्वयंपाकाचा जीव केशर, सुके लिंबू, डाळिंब आणि आंबट फळे यांत आहे. ती चव जिभेवर यायला चार घास तरी लागतात.

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील 'ब्रिटानिया' हे हॉटेल 1923 साली सुरू झाले. आज ते ओळखले जाते ते बेरी पुलावामुळे. हॉटेलचे मालक बोमन कोहिनूर 2019 साली वारले. त्यांच्या पत्नीने या पुलावाची कल्पना इराणमधून आणली. झरिश्क नावाची लाल, आंबट बारीक फळे भातावर पेरतात. मसाला मात्र इथल्या जिभेला रुचेल असा घातला. कोणी म्हणेल, मग तो अस्सल कसा? मी म्हणतो, घरातील एक पदार्थ हिमतीने बाहेर मांडला, हेच मोठे काम झाले. गिऱ्हाईक कंटाळले नाही. दुरून येऊ लागले.

आता आपल्या घराकडे पाहा. पाहुणे आले की ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी आत जाते आणि बिर्याणी बाहेर येते. वर्गातही काही मुले भाकरीच्या डब्यावर झाकण आडवे धरून जेवतात. कोणापासून लपवता? बिर्याणी पाहुण्याच्या घरीही होतेच. पुढच्या वेळी अम्मीला विचारून दस्तरखानावर बिर्याणीशेजारी भाकरी आणि अंबाडीची भाजीही ठेवा. पाहुण्याचा हात आधी कुठे जातो, ते नीट पाहा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगा, मराठीतून.